कॅरम: २०-१४ ने पुढे असताना शेवटचा बोर्ड हातातून का जातो

तुझा प्रश्न थोडक्यात असा की मंडळाच्या आणि कंपनीच्या कॅरम स्पर्धांमध्ये पहिल्या फेऱ्या तू आरामात काढतोस पण मॅच तिसऱ्या गेमपर्यंत गेली की हरतोस, आणि परवा तर २०-१४ ने पुढे असताना आठव्या बोर्डात, म्हणजे गेमच्या शेवटच्या डावात, ७ गुण देऊन २०-२१ ने मॅच घालवलीस. हात थरथरतो म्हणतोस, डोकं शांत ठेवायला काय करू, सकाळी ध्यानाला बसू का आणि भारीतला स्ट्रायकर घेऊ का असं विचारलंयस. कॉलेज नुकतंच संपलंय म्हणालास म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी पुण्यात बरीच वर्षं स्पर्धा खेळलोय, हल्ली खेळण्यापेक्षा पंच म्हणून जास्त बसतो, त्यामुळे अशा मॅच खुर्चीत बसूनही पाहिल्यात आणि टेबलाच्या कडेला उभं राहूनही.

ध्यान कर, वाईट काहीच नाही त्यात. पण तुझी मॅच हातामुळे गेली असं मला वाटत नाही. तू प्रश्नाच्या शेवटी जाता जाता जे लिहिलंयस ना, की माझ्या तीन गेल्या होत्या, क्वीन उजव्या पॉकेटच्या तोंडाशी होती, पण म्हटलं आधी सोंगट्या कमी करू, म्हणून अजून दोन घेतल्या, मग एक चुकली आणि समोरच्याने क्वीन घेऊन, लगेच मागून आपली एक सोंगटी घालून ती कव्हर करून बोर्ड संपवला, माझ्या चार राहिल्या, मॅच गेली ती तिथे. चुकलेल्या शॉटवर नाही, त्याच्या आधीच.

आता हिशोब बघ. प्रत्येकाच्या सोंगट्या नऊ. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या बोर्डवर उरलेल्या सोंगट्यांचे गुण मिळतात, आणि क्वीन त्याने स्वतः घेऊन कव्हर केलेली असेल तर वर ३. क्वीन हरणाऱ्याने कव्हर केलेली असेल तर ते ३ कुणालाच मिळत नाहीत, हवेत जातात. हे सगळ्यांना माहीत असतं पण आठव्या बोर्डाला कुणाला आठवत नाही. त्याला बरोबरीला ६ हवे होते आणि जिंकायला ७. म्हणजे क्वीन तुझ्याकडे असती तर त्याला नुसत्या सोंगट्यांवर ६ काढायला लागले असते, म्हणजे बोर्ड संपताना तुझ्या निदान ६ उरायला हव्या होत्या. तुझ्या तीन गेलेल्याच होत्या, क्वीन घेतली असतीस आणि चौथीने कव्हर केली असतीस तर उरल्या पाच, म्हणजे त्याने बोर्ड जिंकला तरी १४ आणि ५ मिळून १९. तू २० वर. दोन शॉटमध्ये मॅच तुझी होती, उरलेला बोर्ड त्याने कसाही खेळला असता तरी.

उलट क्वीन त्याच्याकडे जाऊ दिलीस तर त्याला क्वीनचे ३ आणि वर फक्त चारच सोंगट्या पुरतात. मग तुला वाचायला किती घ्यायला लागतात? सात. सहा घेतल्यास तरी तीन उरतात, ३ आणि ३ मिळून ६, बरोबरी, म्हणजे ज्यादा बोर्ड. एकीकडे चार आणि क्वीन, दुसरीकडे सात, आणि तू सातची वाट धरलीस, तीही न ठरवता, सवयीने, कारण पहिल्या बोर्डापासून तू तसाच खेळत आलायस की आधी सोंगट्या काढायच्या, क्वीन मग बघू. ०-० ला हा खेळ चालतो. २०-१४ ला तोच खेळ मॅच घालवतो.

म्हणून माझ्या मते अटीतटीची मॅच म्हणजे बोर्डवर काय पडलंय ते बघून खेळायची मॅच नाही, गुणांच्या पाटीवर काय लिहिलंय ते बघून खेळायची मॅच आहे. हात सगळ्यांचाच थरथरतो. जगज्जेतेपद मिळवलेला योगेश परदेशी आपल्या पुण्याचाच, मुंबईचा प्रशांत मोरे तसाच, यांचे सामने यूट्यूबवर आहेत, ते लावून बस, पण शॉट बघून वा वा करण्यापेक्षा दर टर्नला स्कोअर लिहून ठेव आणि त्यांनी सोपी सोंगटी सोडून अवघड क्वीन का घेतली किंवा क्वीन सोडून दुसरंच काही का केलं हे स्वतःला विचार. बऱ्याच वेळा उत्तर पाटीवर असतं.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते सांगतो, नाहीतर तू हेच आकडे पाठ करून जाशील आणि दुसरीकडेच फसशील. मी धरलेले नियम कॅरम फेडरेशनचे, म्हणजे गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, जे आधी होईल ते, तीनपैकी दोन गेम, क्वीनला ३. आठ बोर्डांनंतर गुण सारखे असले तर एक ज्यादा बोर्ड. पण गणपतीतल्या मंडळांच्या स्पर्धेत रात्री साडेअकरापर्यंत सगळ्या मॅच उरकायच्या असतात, तिथे कधी चारच बोर्ड, कधी एकच गेम, कुठे क्वीनला घरच्यासारखे ५ असतात. ५ धरले की वरचं गणित सगळं हलतं. त्यामुळे पहिली मॅच सुरू व्हायच्या आधी पंचाला किंवा वही घेऊन बसलेल्या काकांना सरळ विचार, क्वीनला किती, बोर्ड किती, बरोबरी झाली तर काय. लाजायचं काय त्यात. अर्ध्या वेळा काकांनाही ते तेव्हाच ठरवायचं असतं.

दुसरी गोष्ट समोरचा कोण आहे यावर. राज्य पातळीवर खेळणारा समोर असेल तर तो ब्रेक टू फिनिश करू शकतो, म्हणजे पहिल्याच टर्नमध्ये नऊच्या नऊ आणि क्वीन, तुला हात लावायला मिळत नाही. तिथे अडवाअडवी वगैरे करायला वेळच नसतो, मिळालेल्या पहिल्या टर्नमध्ये जेवढं निघेल तेवढं काढायचं. मंडळाच्या स्पर्धेत मात्र प्रत्येकाला चार-पाच टर्न मिळतातच, आणि तिथेच हा हिशोब खरा कामाला येतो.

क्वीनबद्दल अजून एक, कारण यात भलेभले फसतात. २२ झाले की त्या खेळाडूला पुढे क्वीनचे ३ मिळत नाहीत, २१ पर्यंतच मिळतात. आता धर तू २२-१८ ने पुढे आहेस. तू म्हणतोस मला क्वीनचा काय उपयोग, मला नुसत्या सोंगट्या मोजायच्यात, राहू दे तिला. आणि तिथेच चुकतोस, कारण १८ वाल्याला ती अजून ३ ची आहे. त्याला क्वीन आणि चार सोंगट्या मिळाल्या की २५, गेम खलास, मग तो सहावा बोर्ड असो नाहीतर आठवा. तुला ती गुणांसाठी नकोच आहे, तुला ती त्याला मिळू नये म्हणून हवी आहे. मी पंच म्हणून बसलेलो असताना २२-२३ वर असलेला खेळाडू क्वीनकडे ढुंकूनही बघत नाही आणि मागचा माणूस शांतपणे ती उचलतो, हे इतक्या वेळा पाहिलंय की आता बोलावंसं वाटतं, पण पंचाने बोलायचं नसतं.

मागे असताना याच्या उलट. समज शेवटचा बोर्ड आहे आणि तू १८-२१ ने मागे आहेस. पोरं इथे घाबरतात, भराभर खेळायला लागतात, डबल मार, फ्रेमला आपटून रिबाऊंड मार. अरे पण बघ, तू बोर्ड जिंकलास म्हणजे समोरच्याची निदान एक सोंगटी उरलेलीच असणार, नाहीतर बोर्ड त्याने जिंकला असता. म्हणजे क्वीन घेऊन बोर्ड जिंकलास की कमीत कमी ४ मिळणारच, २२-२१, मॅच तुझी. तीन किंवा तीनपेक्षा कमी गुणांनी मागे असलास तर घाई फक्त क्वीनची करायची, सोंगट्यांची नाही. क्वीन कव्हर झाली की मग भले त्याच्या आठ जाऊ देत, शेवटचा बोर्ड आपण संपवला म्हणजे झालं, मग निवांत त्याची शेवटची सोंगटी अडवत बसता येतं. पण क्वीन त्याने घेतली तर खेळ पालटतो, आता तुला त्याच्या चार उरलेल्या असतानाच संपवायचंय, तेव्हा मात्र धोका घ्यायलाच हवा, कारण हळू खेळून बोर्ड जिंकलास तरी मॅच जाते. नुसता बोर्ड जिंकून काही उपयोग नसतो असे बोर्ड असतात, हे आधी डोक्यात पक्कं कर.

एवढं डोक्यात ठेवून पंधरा सेकंदांत शॉट कसा मारायचा हा तुझा पुढचा प्रश्न असणार. नाही मारायचा. हिशोब त्याच्या टर्नमध्ये करायचा. तो खेळत असताना बहुतेक लोक त्याची सोंगटी चुकावी म्हणून देवाचा धावा करत बसतात, त्याऐवजी मोज, माझ्या किती, त्याच्या किती, क्वीन कुठे, मला किती लागतात. आपला टर्न आला की मोजायचं बंद, फक्त शॉट. हे केल्याने हात थरथरणं थांबतं असं म्हणणार नाही, पण कमी होतं, कारण डोक्याला काम मिळतं, आणि पुढे काय होईल या विचारात ते भरकटत नाही.

ब्रेकचंही, म्हणजे बोर्ड फोडायच्या पहिल्या शॉटचंही, बघून ठेव. फोडणाऱ्याच्या सोंगट्या पांढऱ्या. पहिला बोर्ड जो फोडतो त्याला १, ३, ५, ७ मिळतात, आठवा समोरच्याचा. म्हणजे आठव्याला पांढऱ्या कुणाच्या हे तुला पहिल्या बोर्डालाच माहीत असतं, तरी लोक आठव्याला येऊन म्हणतात, नेमका त्याचा ब्रेक आला. नेमका कसला. आठवा त्याचा असेल तर सातव्यात पुढे असलो तरी अंगचोरपणा करायचा नाही, जेवढे मिळतील तेवढे घ्यायचे. आणि आठवा आपला असेल आणि आपण पुढे असू तर मी स्वतः जोरात फोडत नाही. जोरात फोडून एकही गेली नाही की मोकळा बोर्ड समोरच्याला ताटात वाढून दिल्यासारखा होतो, आणि पुढे असलेल्या माणसाला फक्त एकाच गोष्टीची भीती असते, समोरच्याने एका टर्नमध्ये सगळं साफ करण्याची. थोडा घट्ट राहिलेला बोर्ड पुढच्याच्या सोयीचा. ज्यांच्या ब्रेकला हमखास एक-दोन जातात त्यांनी हे ऐकू नये, त्यांनी फोडावा.

आता हाताकडे येतो, कारण तू तेच विचारलं होतंस. ताण आला की बोट जोरात सुटतं, हळू कधीच नाही. तुला वाटतं नेम चुकला, प्रत्यक्षात नेम बरोबर असतो आणि जोर जास्त असतो. याचा सगळ्यात मोठा तोटा सरळ शॉटला होतो. स्ट्रायकर साधारण १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची, म्हणजे स्ट्रायकर जवळजवळ तिप्पट जड, त्यामुळे समोरासमोर बसला तर तो थांबत नाही, सोंगटीच्या मागोमाग तोही चालत राहतो. सोंगटी पॉकेटपासून वीतभर लांब आणि शॉट सरळ, जोर जास्त, की सोंगटी गेली आणि तिच्या मागे स्ट्रायकरही गेला. ड्यू, म्हणजे दंड. गेलेली तर परत येतेच, वर अजून एक बाहेर काढून द्यायला लागते. वरच्या हिशोबात तू क्वीन आणि चार घेऊन बसलायस, उरल्यात पाच, आणि एक ड्यू दिलास की सहा, म्हणजे बरोबरीचं दार परत उघडलं.

म्हणून अटीतटीला मी शॉट निवडताना सोंगटी जाईल का एवढंच बघत नाही, जोर दीडपट झाला तर स्ट्रायकर कुठे जाईल ते बघतो. हलका कट असेल, म्हणजे सोंगटीला मधोमध न लागता थोडं कडेला लागत असेल, तर स्ट्रायकर बाजूला निघून जातो, फ्रेमला लागून परत येतो, काही बिघडत नाही. सरळ असेल तर बेस लाइनवर, म्हणजे स्ट्रायकर ठेवायच्या रेघेवर, स्ट्रायकर दोन बोटं सरकवून त्याचा कट करता येतो का ते बघतो. दिसायला सरळ शॉट सोपा, पण थरथरत्या हाताला बारीक कट जास्त सुरक्षित. हे ऐकून आमच्या इथली मुलं हसतात, पण पुढच्या मॅचला करून बघतात.

दुसरं म्हणजे ढकलणं. घाम आला की बोट स्ट्रायकरला चिकटून राहतं आणि टिचकीऐवजी ढकलला जातो, जागरूक पंच असेल तर फाउल देतो. हातरुमाल मांडीवर ठेव, प्रत्येक टर्नआधी बोट पूस, पावडरमध्ये हात घालत बसू नकोस.

क्वीन घेताना कव्हरची सोंगटी आधी ठरवलेली पाहिजे. पॉकेटच्या तोंडावर बसलेली सोंगटी दिसली की लगेच उचलायची नाही, ती बँकेत ठेवल्यासारखी असू दे, क्वीन गेली की तीच कव्हर. शिवाय ती तिथे आहे तोपर्यंत त्या पॉकेटमध्ये समोरच्यालाही सहज घालता येत नाही. तू परवा ज्या दोन जास्तीच्या घेतल्यास त्यातली एक बहुतेक अशीच होती, तुझ्या लिहिण्यावरून तसं वाटलं.

आणि अडवायचं कसं हेही शिक, पुण्यात आपल्याकडे अडवून खेळणाऱ्याला लोक नावं ठेवतात, रडीचा खेळ म्हणतात, म्हणू देत. आपल्याकडून काही जात नसेल तर त्याची सोंगटी हळूच त्याच्या बेस लाइनच्या मागे त्याच्या फ्रेमला नेऊन टेकवायची, तिथून त्याला रिबाऊंड नाहीतर अंगठ्याने मारायला लागते आणि अंगठा सगळ्यांकडे नसतो. त्याची एकच उरली असेल आणि क्वीन अजून बोर्डवर असेल तर लक्षात ठेव, तो ती शेवटची आधी घेऊच शकत नाही, घेतली तर बोर्ड जातो. म्हणजे तेव्हा त्याच्या सोंगटीपेक्षा क्वीन अडचणीत टाकणं जास्त फायद्याचं.

हवामान आणि दिव्याबद्दल थोडंसं. गणपतीत पाऊस असतोच, बोर्ड ओल धरतो, जड होतो, दुपारी नीट चाललेला जोर रात्री कमी पडतो. वर जुना पिवळा बल्ब असेल तर त्याच्या उष्णतेने बोर्ड सुकत राहतो, एलईडी लावला असेल तर ते होत नाही. तिसऱ्या गेममध्ये मध्यावर खुर्च्या बदलतात तेव्हा पहिला शॉट मुद्दाम साधा खेळ, नवीन बाजूचा अंदाज येऊ दे. मागून घे घे, कट मार असं ओरडणाऱ्यांचं मात्र काही करता येत नाही, पंचाला सांग फार तर.

सरावाचं सांगतो. तुम्ही लोक नेहमी ०-० पासून खेळता, म्हणून शेवटच्या बोर्डाची सवयच होत नाही. मित्राला बसव, पाटीवर २०-१४ लिहा, आठवा बोर्ड, खेळा. मग बाजू बदलून तू १४ वर बस. मग १८-२१, मग २२-१८. एक बोर्ड दहा मिनिटांचा, संध्याकाळी चार-पाच होतात. एकटा असशील तर चारही पॉकेटसमोर क्वीन आणि तिच्या शेजारी एक सोंगटी ठेवून सलग दोन शॉटमध्ये दोन्ही घ्यायच्या, दुसरा चुकला की पहिल्यापासून. कंटाळा येतो. यायलाच पाहिजे, कंटाळा आला म्हणजे हात आपोआप चालायला लागलाय.

राहिला स्ट्रायकर. पुढच्या स्पर्धेला दोन आठवडे आहेत म्हणालास तर आत्ता बदलू नकोस, नवीन स्ट्रायकरचा जोर बोटात बसायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि थरथरत्या हातात अनोळखी वजन नको. स्पर्धेनंतर घे. भारीतला म्हणून जडच पाहिजे असं नाही, नियमात १५ ग्रॅमच्या वर चालत नाही आणि व्यास ४.१३ सेंटीमीटरच्या वर नको, दुकानदार काहीही सांगतो. खात्री करायची असेल तर लक्ष्मी रोडला कुठल्याही सोनाराकडे जाऊन काट्यावर टाकायला सांग, गर्दी नसली तर हसत हसत करून देतात.